पाच ठिपक्यांचं खारं बिस्किट

३ मार्च, सोमवार

पहिला पत्रा वाया! सोळा बिस्किटं आणि सोळाच्या सोळा उचलता उचलता बोटांत भुगा. नाचणीचं पीठ, लोणी, हिरवी मिरची, कढीपत्ता, जिरं, हिंग – सगळं होतं. फक्त बिस्किट नव्हतं.

अत्तिगेने (माझी वहिनी, अण्णाची बायको) चिमूटभर भुगा तोंडात टाकला. "कनका, हे खायचं, की याने पातेली घासायची?" वर आणखी, "पुण्यात काय टेलिफोन भाजायचीस?"

भाजायची नाही, जोडायची! चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली पंधरा ट्रंक कॉलच्या बोर्डावर. लोकांची भांडणं, लग्नं, मयतं सगळी कानांवरून गेली आणि एक शब्द बाहेर काढला नाही. आता सदुसष्टाव्या वर्षी ओव्हनपुढे वाकून बसलेय.

हे मुद्दाम मराठीत लिहिते. होळेनरसीपूरच्या या घरात मराठी कोणाला येत नाही. वही स्वयंपाकघरात साबुदाण्याच्या डब्यामागे ठेवली तरी भीती नाही. कन्नडमध्ये लिहायला लागले तर अत्तिगेबद्दल खरं लिहिता येणार नाही. आता खरं लिहिते – बाई म्हणजे दोन दिवसांचं ताक. कुठेही घाला, आंबटच!

५ मार्च, बुधवार

हे खूळ कुठून आलं ते लिहून ठेवते. संपत – अत्तिगेचा मुलगा, हासनला असतो – परवा रविवारी हा ओव्हन घेऊन आला. ताताचं, म्हणजे त्याच्या आजोबांचं, माझ्या अप्पांचं, नाचणीचं खारं बिस्किट त्याला पुन्हा सुरू करायचंय. पाकिटावर ताताचा फोटो. युगादीला, म्हणजे पाडव्याला, पहिली पाकिटं. मला तो अत्ते म्हणतो, आत्या.

"अत्ते, ती चव तोंडात असलेली तूच एक उरलीस. तुझा अण्णा गेला. अम्माला विचारलं तर म्हणते, मला काय ठाऊक."

मी छाती पुढे काढून म्हटलं, "अप्पांचे हात मी या डोळ्यांनी पाहिलेत. युगादीच्या आत देते करून."

अत्तिगे तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

६ मार्च, गुरुवार

दुपारभर अप्पाच डोळ्यांपुढे.

शाळा साडेचारला सुटायची. घरी न जाता आधी अप्पांच्या बेकरीत. मागच्या बाजूला भट्टीची खोली, तिचा उंबरठा मी कधी ओलांडला नाही. "भट्टीत मुलींनी यायचं नाही," असा अप्पांचा नियम. मी उंबऱ्याशी दप्तर घेऊन उभी. अप्पा उघड्या अंगाने, कपाळावरचं वैष्णवी नाम घामाने ओघळलेलं, लांब दांड्याच्या फळीने पत्रे बाहेर ओढायचे. पाव-बन सकाळीच निघालेले असायचे. साडेचारचे पत्रे फक्त खाऱ्या बिस्किटांचे. खारं म्हणजे इकडे तिखट. काळसर तपकिरी चकत्या, प्रत्येकीवर दाभणाने टोचलेले पाच ठिपके. चार कोपऱ्यांना चार, मधे एक. पोती शिवायचं ते दाभण. ही अप्पांची खूण. तालुक्यात दुसऱ्या कोणाच्या बिस्किटावर ती नव्हती.

एक बिस्किट मोडून अर्धं माझ्या हातावर. "फुंक," म्हणायचे. एवढंच. दिवसभरात माझ्याशी बोललेला तो एकच शब्द असायचा कधीकधी. पण मला पुरायचा.

चौऱ्यांशी साली अप्पांना झटका आला. उजवा हात गेला. हाताबरोबर बिस्किटंही गेली. गाव अजून असंच म्हणतं – शेषाद्री अय्यंगारांचा हात गेला आणि खारं बिस्किट गेलं.

९ मार्च, रविवार

दुसरा पत्रा. या वेळी थोडी कणीक मिसळली. मोडेनात! आनंदाने उड्या मारायचं तेवढं बाकी होतं. मग चावून पाहिलं – जळलेलं. नाचणी मुळातच काळी, भाजली कधी आणि जळली कधी ते डोळ्यांना कळतच नाही. मैद्यासारखा रंग बघत बसले मी शहाणी.

अत्तिगे म्हणाली, "रंग बघून नाचणी भाजतात, हे आजच ऐकलं." मग कशाने भाजतात, ते काही बोलली नाही.

या पानाला पिठाचं बोट लागलंय. हात धुऊन बसते तरी!

११ मार्च, मंगळवार

करंट नाही. बिस्किटं नाहीत. बरं वाटलं.

१३ मार्च, गुरुवार

तिसरा पत्रा. जळली नाहीत, मोडली नाहीत. पण आत ओलसर, आणि जिभेला कच्च्या पिठाची कचकच. आठ तोंडात घालून आठ थुंकली.

रागावून बसले होते, तर अत्तिगे समोरच्या भिंतीवरची चौकट पुसत होती. अप्पांच्या फोटोशेजारी तिचं हिंदीच्या परीक्षेचं प्रशस्तिपत्रक लावलंय. लग्नाआधीचं, अडुसष्ट सालचं, पहिला वर्ग. दर गुरुवारी पुसते. हिंदीतलं एक वाक्य या बाईने आजतागायत बोललेलं मी ऐकलेलं नाही. दाराशी उत्तरेकडचा चादरीवाला आला तर खुणांनी बोलते. पण प्रशस्तिपत्रक चकचकीत!

आणि एक. रोज चारला ही कॉफी करते ती स्वतःपुरती. माझा गुडघा दुखतो, मी पाटावरून उठेपर्यंत फिल्टर रिकामा. मागायची लाज वाटते. आपल्याच बापाच्या घरात!

१४ मार्च, शुक्रवार

आज चारला ओट्यावर दोन लोटे. एक माझा. सूर्य कुठून उगवला कोण जाणे. बाजूला गुडघ्याच्या तेलाची बाटलीही होती.

"काय झालं आज?" विचारलं.

"कॉफी जास्त झाली," म्हणाली.

१६ मार्च, रविवार

संपत पाकिटाचा नमुना घेऊन आला. सुरेख केलाय. भिंतीवरचाच फोटो – अप्पा, नाम, करारी भुवया. खाली 'ताताच्या हातचं खारं बिस्किट'. मेल्यावर तीस वर्षांनी माणूस पुन्हा दुकानात उभा राहणार!

अत्तिगेला दाखवलं. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं.

"शोभून दिसतायत," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. तिचा हात हल्ली थरथरतो. सकाळी दारात रांगोळी घालते, तिचे ठिपकेही आता ओळीत येत नाहीत.

"अम्मा खूश नाही का?" संपत हळूच म्हणाला. मी म्हटलं, "ती कधी खूश होती?"

१८ मार्च, मंगळवार

चौथा पत्राही गेला. लिहिण्यासारखं काही नाही.

त्यापेक्षा पुण्याचा डबा आठवते. एकोणऐंशीला मी नोकरीला गेले. बाविसावं पण लागलं नव्हतं. नारायण पेठेत खोली. मराठीचा एक शब्द येत नव्हता, घरमालकीण बोलली की नुसती मान हलवायची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डबा यायचा. गावचं कोणी ना कोणी बसने घेऊन यायचं. पत्र्याचा डबा, वर वर्तमानपत्र, त्यावर वाळलेल्या कढीपत्त्याचा डहाळा. झाकण काढलं की आधी वास यायचा – भाजून फुटलेल्या दाण्याचा, लाह्यांचा. मी डोकं डब्यात घालून रडायची आणि रडून झालं की खायची. अप्पा तोंडाने कधी बोलले नाहीत, पण डब्यातून बोलायचे. त्या पाच ठिपक्यांवर मी पाच वर्षं पुण्यात टिकले.

तो लाह्यांचा वास माझ्या पत्र्यात नाही. पीठ तेच, मिरची तीच. वास कुठून आणू?

२० मार्च, गुरुवार

काय लिहू. पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी ओट्यावर एक डबा ठेवलेला. आत हुरिहिट्टु – नाचणी तापल्या वाळूत फोडून लाह्या करतात, त्याचं पीठ. इकडे ताकात कालवून खातात. "किडे पडायच्या आत संपव," अत्तिगे पाठमोरीच म्हणाली. झाकण काढलं. तोच वास! माझं डोकं फिरायचं बाकी राहिलं.

निम्मं साधं पीठ, निम्मं हे. मळलं, लाटलं, कापलं. पत्रा आत सरकवणार तर अत्तिगे म्हणाली, "थांब. टोचल्याशिवाय फुगतील." आणि मोहरीच्या डब्यातून दाभण काढलं. काळं पडलेलं, नेढ्यात अजून सुतळीचा तुकडा. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून टोचायला लागली. टक टक टक टक, आणि मधे एक. टक टक टक टक, मधे एक. रांगोळीत चुकणारा हात इथे एकदाही चुकला नाही.

"हे दाभण तुमच्याकडे कसं?"

"माझंच आहे."

"अत्तिगे, हे ठिपके अप्पांचे आहेत."

"हो का? मग त्यांचे असतील," म्हणाली. टोचणं थांबवलं नाही.

मी पाटावर बसले. ती कामात असतानाच बोलली. तक्रार म्हणून नाही. दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तशी.

अठराव्या वर्षी या घरात आली. एकोणसत्तर साल. माहेरी रोज नाचणीचे उंडे, भात फक्त पाहुणे आले की. आमच्याकडे भाताशिवाय गोष्ट नाही. "नाचणीवाली आली," म्हणून माझी आई तिला हसायची. मीही हसत असेन, अकरा वर्षांची होते. तिने ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली हुरिहिट्टाची पिशवी आणली होती. लपवून. दुपारी दोन ते चार दुकान बंद, पाव निघालेले, भट्टीची आच उतरत चाललेली. एकदा भुकेने जीव कासावीस झाला तेव्हा लोणी-मिरची घालून चार चकत्या थापल्या आणि भट्टीत सरकवल्या.

"तेवढ्यात मामनारु आले." म्हणजे तिचे सासरे, माझे अप्पा. "वाटलं, आता ओरडतात. त्यांनी एक खाल्लं. मग दुसरं खाल्लं. म्हणाले, उद्या जास्त कर."

"मग?"

"मग काय, केली जास्त. पंधरा वर्षं केली. ते म्हणाले, सून भट्टीवर राबते म्हटलं तर गाव आपल्या तोंडात शेण घालेल. बिस्किटं माझी म्हणायची. मी म्हटलं, म्हणा. दोनला आत जायची, चारला मागच्या दाराने घरी. पत्रे तेवढे ते काढायचे."

साडेचारला मी यायची! मी बापाचे हात पाहिले ते पत्रे ओढताना. मळताना, लाटताना, टोचताना कधी नाही. आणि उंबरठा! भट्टीत मुलींनी यायचं नाही. पन्नास वर्षं मी समजत होते, मुलगी म्हणून मला मनाई. आत सून राबते हे कळू नये म्हणून मनाई होती!

"पण अप्पांचा हात गेल्यावर बिस्किटं बंद का झाली? तुमचे हात तर होते."

अत्तिगेने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्यांचा लुळा हात सगळ्या गावाला दिसत होता. मग बिस्किटं कोणाची म्हणून सांगायची?"

पत्रा भाजून झाल्यावर तिने ओव्हन बंद करायला लावला. पत्रा आतच ठेवायचा, अर्धा तास, उतरत्या उष्णतेत. नाक दाराशी धरायचं. कढीपत्त्याचा वास थांबला की काढायचा. कशाने भाजतात ते आज कळलं!

बाहेर काढलं. मोडलं. टक्क आवाज. मी फुंकलं.

२१ मार्च, शुक्रवार

लहानपणापासून खात आलेय, असं मी सगळ्यांना सांगते. आज आठवून पाहिलं. सर्वांत जुनी आठवण सहावीतली. त्याआधी बेकरीत खारं बिस्किट आठवतच नाही. म्हणजे ती आल्यावरचीच सगळी.

पुण्याहून मी दर महिन्याला पत्र लिहायची. 'अप्पा, डबा पोचला. तुमच्या हातची चव...' अशी पाच वर्षं. डबा कोण भरत होतं? कढीपत्त्याचा डहाळा कोण ठेवत होतं? माझी पत्रं अप्पा सुनेकडून मोठ्याने वाचून घ्यायचे – त्यांचे डोळे अधू. म्हणजे तिनेच वाचली. एका तरी पत्रात 'अत्तिगेला नमस्कार' लिहिलं असेल का मी? नसेल. स्वतःची लाज वाटते.

२३ मार्च, रविवार

संपत आला. खाल्लं. "अत्ते, हेच का ते?" म्हणाला आणि मला मिठीच मारली. "ताताचा हात तुझ्यात उतरलाय!"

मी अत्तिगेकडे पाहिलं. ती पोह्यांना फोडणी देत होती. मी पोह्यांसाठी ताटल्या मांडायला लागले.

खरं सांगायचं तर चवीत अजून काहीतरी एक राहतंय. दूध घालून मळते, चांगलं होतं, पण डब्यातल्या बिस्किटाला जिभेच्या शेवटी एक चटका होता तो नाही. अत्तिगेला विचारलं. "बरी आहेत की," म्हणाली. एवढंच.

२५ मार्च, मंगळवार

तिला सरळ विचारलं. "अत्तिगे, पाकिटावर कोणाचा फोटो लावायचा?"

"त्यांचाच. माझा लावलास तर लोकांना वाटेल औषध आहे." आणि हसली. तिला हसताना पाहून मला रडू आलं, तर म्हणाली, "मिरची चिरलेला हात डोळ्यांना लावू नकोस."

२७ मार्च, गुरुवार

छापखान्यात उद्या जायचंय. संपतने फोन केला, "अत्ते, काही बदल नाही ना?" मी म्हटलं, नाही.

लिहून टाकते, म्हणजे सुटले. मी सांगणार नाही. अप्पांनी मला आयुष्यात दुसरं काय दिलं? लग्न जमलं नाही तेव्हा एक शब्द नाही. पुण्याला निघाले तेव्हा स्टँडवर आले नाहीत. अर्धं बिस्किट आणि 'फुंक', एवढाच बाप माझ्या वाट्याला आला. तोही खोडायचा? ती स्वतःच म्हणते, त्यांचाच लावा. मग मी कशाला उठाठेव करू? वाईट मी नाही, भित्री आहे. चुकतेय हे कळतं, तरी तोंड उघडवत नाही. एवढी वर्षं झाकलेलं आणखी थोडं झाकलं तर कोणाचं काय जातं. तिला वाटेल, तिचं ऐकून मी गप्प बसले; बाप सोडवेना म्हणून गप्प बसले, हे तिला कळणार नाही. या वहीशिवाय कोणाला कळणार नाही.

२८ मार्च, शुक्रवार

वही उघडली. कालच्या पानाखाली पेन्सिलीने, थरथरत्या हाताने, डोक्यावरच्या रेघा न देता लिहिलेलं – 'दो दिन का छाछ डालो. खट्टा ही अच्छा.'

हिंदीची परीक्षा. पहिला वर्ग. अक्षरं तीच!

मागे उलटत गेले. पानोपान कोपऱ्यात पिठाचं बोट. थेट तीन तारखेपर्यंत. कॉफी, तेलाची बाटली, हुरिहिट्टाचा डबा – आणि मी म्हणते सूर्य कुठून उगवला!

संपतला फोन लावला. "छापखाना थांबव. ताताचा फोटो काढ. पाच ठिपके घाल आणि खाली नाव घाल – अलमेलम्मा." तो चकित. "अम्मा? अम्माला विचारलंस?" म्हटलं, "विचारायला पंचावन्न वर्षं उशीर झालाय. तू घाल. बाकीचं रविवारी सांगते. सगळं."

फोन ठेवला. अत्तिगे ओट्याशी उभी होती. सगळं ऐकलं असणार.

"अत्तिगे," म्हटलं, "ताक किती दिवसांचं घ्यायचं?"

ती वळली नाही.

"लिहिलंय ना," म्हणाली.